इंग्लिश फुटबॉल पिरॅमिड

इंग्लिश फुटबॉल पिरॅमिड ही इंग्लंडमधील फुटबॉल लीग स्पर्धांची उतरंडीसारखी श्रेणीबद्ध रचना आहे. हिच्या शिखरावर प्रीमियर लीग हा एकच विभाग असून खालच्या स्तरांवर विभागांची संख्या वाढत जाते व प्रत्येक विभागाचे भौगोलिक क्षेत्र लहान होत जाते. प्रत्येक हंगामाच्या अखेरीस विभागातील अग्रस्थानी असलेल्या क्लबांना वरच्या स्तरावर बढती मिळते, तर तळाच्या क्लबांची खालच्या स्तरावर पदावनती होते. त्यामुळे एखाद्या लहान गावाचा क्लबही तत्त्वतः पायरीपायरीने देशातील सर्वोच्च स्पर्धेपर्यंत पोहोचू शकतो.

ही रचना फार जुनी आहे असा सर्वसाधारण समज असला तरी तो पूर्णतः बरोबर नाही. व्यावसायिक फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली. परंतु तिच्या तळाशी असलेले दार खालच्या क्लबांसाठी गुणवत्तेच्या आधारावर उघडले ते १९८७ मध्ये. तोपर्यंत फुटबॉल लीगमध्ये कोणाला घ्यायचे व कोणाला वगळायचे हे मतदानाने ठरत असे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे फुटबॉल लीगच्या खालील स्तरांची प्रादेशिक फेररचना, तिची कारणे, तिच्यामागील गणित व तिच्यासंबंधीचे वाद यांची माहिती दिली आहे.

संज्ञा

इंग्लंडमध्ये वरचे ४ स्तर (प्रीमियर लीग आणि फुटबॉल लीगचे ३ विभाग) सोडून उर्वरित सर्व फुटबॉलला ‘नॉन-लीग’, म्हणजे लीगबाहेरील फुटबॉल, असे म्हणतात. हे क्लब लीग स्पर्धांतच खेळतात. मात्र ‘लीग’ या शब्दाने तेथे दीर्घकाळ केवळ १८८८ मध्ये स्थापन झालेली फुटबॉल लीगच अभिप्रेत असल्याने हे नाव रूढ झाले. फुटबॉल असोसिएशनने (एफए) लीगबाहेरील स्तरांची जी अधिकृत रचना केली आहे, तिला ‘नॅशनल लीग सिस्टीम’ म्हणतात. या रचनेतील स्तरांना ‘स्टेप’ (पायरी) अशी संज्ञा आहे. पहिली पायरी म्हणजे एकूण पिरॅमिडमधील पाचवा स्तर होय.

पार्श्वभूमी

फुटबॉल लीगची सुरुवात १२ क्लबांनी झाली. १८९२ मध्ये दुसरा विभाग जोडला गेला. १९२० मध्ये सदर्न लीगच्या पहिल्या विभागातील जवळजवळ सर्व क्लबांना सामावून घेऊन तिसरा विभाग करण्यात आला. पुढच्याच वर्षी उत्तरेकडील क्लबांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण होऊन ‘तिसरा विभाग (दक्षिण)’ आणि ‘तिसरा विभाग (उत्तर)’ अशी जोडी तयार झाली. प्रवासाचा खर्च कमी राहावा म्हणून खालच्या स्तरावर देशाचे प्रादेशिक भाग पाडण्याचे तत्त्व येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १९५८ मध्ये हे प्रादेशिक विभाग रद्द करून त्यांच्या जागी देशव्यापी तिसरा व चौथा विभाग स्थापन झाले.

लीगबाहेर सदर्न लीग (१८९४), इस्थमियन लीग (१९०५), नॉर्दर्न लीग (१८८९) अशा अनेक जुन्या स्पर्धा स्वतंत्रपणे चालत होत्या. १९६८ मध्ये त्यांत नॉर्दर्न प्रीमियर लीगची भर पडली. या स्पर्धांचे नियम, परंपरा व प्रतिष्ठा वेगवेगळी होती आणि त्यांच्यात परस्परांशी बांधलेली कोणतीही शिडी नव्हती. काही स्पर्धा हौशी, तर काही व्यावसायिक होत्या. १९७४ मध्ये एफएने हौशी व व्यावसायिक खेळाडू हा औपचारिक भेद संपुष्टात आणला, तेव्हा या सर्व स्पर्धा एका रचनेत गुंफण्याच्या मार्गातील एक मोठा अडसर दूर झाला.

फेरनिवडीची पद्धत

१९८६ पर्यंत फुटबॉल लीगच्या तळाच्या क्लबांना आपोआप बाहेर जावे लागत नसे. चौथ्या विभागातील शेवटच्या ४ क्लबांनी लीगच्या वार्षिक सभेत फेरनिवडीसाठी अर्ज करावा आणि लीगबाहेरील इच्छुक क्लबांनीही त्याच सभेत अर्ज करावा, अशी पद्धत होती. वरच्या दोन विभागांतील क्लबांना प्रत्येकी एक मत होते. खालच्या दोन विभागांतील क्लबांना मात्र सर्वांत मिळून मोजकीच मते होती. सहकारी म्हणून वर्षानुवर्षे ओळख असलेल्या क्लबाला बाहेर काढून अनोळखी क्लबाला आत घेण्याची मतदारांची सहसा तयारी नसे. शिवाय बाहेरून एकाच वेळी अनेक क्लब अर्ज करीत असल्याने विरोधी मते विभागली जात.

या पद्धतीत बदल अगदीच होत नसे असे नाही. १९५८ मध्ये चौथा विभाग सुरू झाल्यानंतर पुढील क्लबांना प्रवेश मिळाला :

• पीटरबरो युनायटेड (१९६०), गेट्सहेडच्या जागी
• ऑक्सफर्ड युनायटेड (१९६२), हंगामाच्या मध्येच लीग सोडलेल्या ॲक्रिंग्टन स्टॅनलीच्या जागी
• केंब्रिज युनायटेड (१९७०), ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या जागी
• हेरफर्ड युनायटेड (१९७२), बॅरोच्या जागी
• विंबल्डन (१९७७), वर्किंग्टनच्या जागी
• विगन ॲथलेटिक (१९७८), साउथपोर्टच्या जागी

या यादीवरून पद्धतीचा स्वभाव ध्यानात येतो. हेरफर्डने १९७२ मध्ये एफए कप स्पर्धेत पहिल्या विभागातील न्यूकॅसल युनायटेडचा २–१ असा पराभव केला होता. विंबल्डनने १९७५ मध्ये त्याच स्पर्धेत बर्नलीला हरवून लीड्स युनायटेडला बरोबरीत रोखले होते. म्हणजे वर्षभराच्या गुणतक्त्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मतदारांच्या नजरेत भरणाऱ्या एखाद्या पराक्रमाला होते. उलटपक्षी, १९६० मध्ये वगळला गेलेला गेट्सहेड गुणतक्त्यात अगदी तळाला नव्हता. त्याच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे क्लब लीगमध्ये राहिले व तो बाहेर गेला. वगळल्या गेलेल्या क्लबांमध्ये गेट्सहेड, बॅरो आणि वर्किंग्टन हे उत्तरेच्या टोकाचे, इतरांना प्रवासाच्या दृष्टीने दूरचे क्लब होते, ही बाबही लक्षणीय आहे.

अलायन्स प्रीमियर लीगची स्थापना

लीगबाहेरील क्लबांची मते विभागली जाऊ नयेत आणि फुटबॉल लीगपुढे दरवर्षी एकच सबळ उमेदवार उभा राहावा, या हेतूने १९७९ मध्ये अलायन्स प्रीमियर लीग स्थापन झाली. हीच आजची नॅशनल लीग होय. सदर्न लीगमधील १३ व नॉर्दर्न प्रीमियर लीगमधील ७ अशा २० क्लबांनी पहिला हंगाम खेळला. लीगबाहेरील फुटबॉलला प्रथमच देशव्यापी शिखर मिळाले आणि सदर्न व नॉर्दर्न प्रीमियर या दोन्ही लीग तिच्या पायथ्याच्या स्पर्धा ठरल्या.

पहिल्याच वर्षी या प्रयोगाची कसोटी लागली. ऑल्ट्रिंगहॅम हा क्लब विजेता ठरला आणि १९८० च्या सभेत तो एकमेव उमेदवार म्हणून उभा राहिला. मतमोजणीत रॉचडेलला २६ व ऑल्ट्रिंगहॅमला २५ मते मिळाली. एका मताने रॉचडेल लीगमध्ये राहिला. पुढच्या वर्षी ऑल्ट्रिंगहॅमने पुन्हा विजेतेपद पटकावले, तरीही त्याची निवड झाली नाही. त्यानंतर रन्कॉर्न (१९८२), एनफिल्ड (१९८३), मेडस्टन युनायटेड (१९८४), वील्डस्टन (१९८५) व पुन्हा एनफिल्ड (१९८६) हे विजेते झाले. त्यांपैकी कोणालाही प्रवेश मिळाला नाही. अशा रीतीने सलग ७ हंगाम देशातील सर्वोत्तम बिगर-लीग क्लब जेथे होता तेथेच राहिला.

सर्व जुन्या स्पर्धांनी नवी रचना तत्काळ स्वीकारली असेही नाही. इस्थमियन लीग काही वर्षांनंतर, १९८० च्या दशकात, तिच्याशी जोडली गेली. जगातील दुसरी सर्वांत जुनी फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाणारी नॉर्दर्न लीग प्रारंभी बाहेरच राहिली. ती १९९१ मध्ये सामील झाली, तेव्हा इतर स्पर्धा तिच्या पुढे निघून गेल्या होत्या व तिला पूर्वीच्या प्रतिष्ठेच्या मानाने खालची पायरी स्वीकारावी लागली. रचनेत उशिरा येणाऱ्याला मागची जागा मिळते, हा धडा पुढे अनेक प्रादेशिक स्पर्धांनी ध्यानात ठेवला.

१९८७ : आपोआप बढती

१९८६–८७ च्या हंगामापासून फेरनिवडीची पद्धत रद्द झाली. चौथ्या विभागातील शेवटचा क्लब खाली जाईल व त्याच्या जागी अलायन्सचा (तेव्हाचे नाव ‘कॉन्फरन्स’) विजेता वर येईल, असा नियम झाला. विजेत्याचे मैदान ठरलेल्या निकषांत बसले पाहिजे, एवढी अट मात्र होती.

या नियमाने गुणतक्त्याच्या तळाला प्रथमच खरी किंमत आली. ९ मे १९८७ या अखेरच्या दिवशी बर्नली, टॉर्की युनायटेड व लिंकन सिटी या तीन क्लबांवर पदावनतीचे सावट होते. १८८८ च्या १२ संस्थापक क्लबांपैकी एक असलेल्या बर्नलीने ओरिएंटला २–१ असे हरवून स्वतःला वाचवले. टॉर्कीचा संघ क्रू अलेक्झांड्राविरुद्ध पिछाडीवर असताना एका पोलिसी कुत्र्याने त्याच्या जिम मॅकनिकल या खेळाडूला चावा घेतला. उपचारासाठी खेळ थांबला आणि वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत पॉल डॉब्सनने गोल करून २–२ अशी बरोबरी साधून दिली. तिकडे स्वान्सी सिटीकडून पराभूत झालेला लिंकन सिटी तळाला गेला. लीगमधून नियमानुसार पदावनत झालेला तो पहिला क्लब ठरला. त्याच्या जागी नील वॉर्नॉक यांच्या मार्गदर्शनाखालील स्कारबरो हा क्लब वर आला.

या बदलाबद्दल अशी भीती व्यक्त होत असे की, लीगबाहेर गेलेला क्लब कायमचा संपेल. लिंकनने पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, कॉन्फरन्स जिंकून लीगमध्ये पुनरागमन केले आणि ती भीती बरीचशी निराधार ठरवली. मतदानाने बाहेर गेलेल्या क्लबाला परतीची निश्चित वाट नव्हती. नियमाने बाहेर गेलेल्याला ती होती. १९७२ मध्ये मतदानात बाहेर पडलेला बॅरो २०२० मध्ये नॅशनल लीगचा विजेता म्हणून परतला, तो तब्बल ४८ वर्षांनी.

मैदानाची अट

१९८७ नंतर दार उघडले असले तरी उंबरठा उंच राहिला. मेडस्टन युनायटेड १९८९ मध्ये बढती मिळवून लीगमध्ये आला, पण त्याचे स्वतःचे मैदान आधीच विकले गेले होते व तो शेजारच्या डार्टफर्ड शहरातील मैदानावर खेळत असे. आर्थिक अडचणींमुळे १९९२ मध्ये त्याला लीग सोडावी लागली. त्यानंतर मैदानाच्या निकषांची अंमलबजावणी अधिक काटेकोर झाली. सलग ३ वर्षे कॉन्फरन्सच्या विजेत्याला मैदान निकषात बसत नसल्याच्या कारणावरून बढती नाकारण्यात आली : किडरमिन्स्टर हॅरियर्स (१९९४), मॅकल्सफील्ड टाऊन (१९९५) व स्टीव्हनेज बरो (१९९६). लीगमध्ये आधीपासून असलेल्या सर्वच क्लबांची मैदाने या निकषांत बसत नाहीत, मग नवागतालाच हा नियम का, असा स्टीव्हनेजचा आक्षेप होता. त्याने न्यायालयात दाद मागितली, परंतु त्याला यश आले नाही. हे तिन्ही क्लब पुढे लीगमध्ये पोहोचले : मॅकल्सफील्ड १९९७ मध्ये, किडरमिन्स्टर २००० मध्ये व स्टीव्हनेज २०१० मध्ये.

हा प्रश्न अद्यापही मिटलेला नाही. २०२४ मध्ये गेट्सहेड प्ले-ऑफसाठी पात्र ठरला होता. परंतु त्याचे मैदान नगरपरिषदेच्या मालकीचे असून त्याच्या दीर्घकालीन वापराची लीगला हवी असलेली हमी क्लबाला देता आली नाही. त्यामुळे त्याला प्ले-ऑफमध्ये खेळू दिले गेले नाही. सटन युनायटेडने २०२१ मध्ये नॅशनल लीग जिंकली, तेव्हा लीगच्या नियमानुसार त्याला आपले कृत्रिम हिरवळीचे मैदान उखडून तेथे नैसर्गिक गवत लावावे लागले.

प्रादेशिक फेररचना

१९८७ नंतरची महत्त्वाची सुधारणा २००३ मध्ये झाली. लीग व कॉन्फरन्स यांच्यातील अदलाबदल एका क्लबाऐवजी दोन क्लबांची झाली. विजेता थेट वर जाऊ लागला व दुसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ सुरू झाला. त्या वर्षी योव्हिल टाऊन विजेता म्हणून व डॉनकास्टर रोव्हर्स प्ले-ऑफमधून वर गेला.

कॉन्फरन्सच्या खाली मात्र मोठी दरी होती. तिच्या थेट खाली नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न व इस्थमियन या ३ लीग होत्या. एका देशव्यापी स्पर्धेतून खाली येणारा क्लब एकदम आपल्या भागापुरत्या स्पर्धेत जाई, तर तेथून वर येणाऱ्याला एकदम देशभर प्रवास करावा लागे. ही उडी कमी करण्यासाठी २००४ मध्ये ‘कॉन्फरन्स नॉर्थ’ व ‘कॉन्फरन्स साउथ’ असे दोन नवे विभाग निर्माण झाले. प्रत्येकी २२ क्लबांनी सुरू झालेल्या या विभागांत तिन्ही जुन्या लीगमधील आघाडीचे क्लब गेले आणि त्या लीग एकेक पायरी खाली उतरल्या. २०१५ मध्ये कॉन्फरन्सचे नाव बदलून ‘नॅशनल लीग’ झाले.

पुढची फेररचना दोन टप्प्यांत झाली. २०१८ मध्ये सदर्न लीगच्या प्रीमियर विभागाचे ‘सेंट्रल’ व ‘साउथ’ असे दोन भाग करण्यात आले, त्यामुळे तिसऱ्या पायरीवर ३ ऐवजी ४ विभाग झाले. चौथ्या पायरीवरील विभाग ६ वरून ७ झाले. २०२१ मध्ये नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या मिडलँड्स विभागाची भर पडून ते ८ झाले आणि पाचव्या पायरीवर १४ ऐवजी १६ विभाग झाले.

सध्याची रचना

२०२१ नंतर लीगबाहेरील पहिल्या पाच पायऱ्यांची रचना पुढीलप्रमाणे आहे :

• पायरी १ (पाचवा स्तर) : नॅशनल लीग, १ विभाग, २४ क्लब
• पायरी २ (सहावा स्तर) : नॅशनल लीग नॉर्थ व साउथ, २ विभाग, प्रत्येकी २४ क्लब
• पायरी ३ (सातवा स्तर) : नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न (सेंट्रल व साउथ) आणि इस्थमियन या लीगचे प्रीमियर विभाग, एकूण ४ विभाग
• पायरी ४ (आठवा स्तर) : त्याच तीन लीगचे दुय्यम विभाग, एकूण ८
• पायरी ५ (नववा स्तर) : प्रादेशिक लीगचे १६ विभाग

सहाव्या पायरीवर १७ विभाग असून त्याखाली परगण्यांच्या (काउंटी) लीग आहेत. तेथून पुढे रचना तालुका-गावाच्या पातळीपर्यंत फाकत जाते.

रचनेमागील गणित

१, २, ४, ८, १६ अशी ही दुपटीची मांडणी हेतुपुरस्सर आहे. एका विभागातून खाली जाणाऱ्या क्लबांची संख्या आणि त्याच्या खालच्या विभागांतून वर येणाऱ्यांची संख्या यांचा मेळ बसला पाहिजे. नॅशनल लीगमधून ४ क्लब खाली जातात. खालच्या २ विभागांतून प्रत्येकी २ (एक विजेता व एक प्ले-ऑफ विजेता) असे ४ वर येतात. नॉर्थ व साउथमधून प्रत्येकी ४ असे ८ खाली जातात. तिसऱ्या पायरीच्या ४ विभागांतून प्रत्येकी २ असे ८ वर येतात. विभागांची संख्या प्रत्येक पायरीवर दुप्पट असेल, तर प्रत्येक विजेत्याला हमखास बढती देता येते.

ही दुपटीची साखळी तुटली की अन्याय सुरू होतो. पूर्वी तिसऱ्या पायरीवर ३ विभाग व दुसऱ्या पायरीवर २ विभाग असताना कोणत्या विभागातील क्लब कोठे जाणार, हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागे. जर्मनीतील उदाहरण याहून स्पष्ट आहे. तेथे २०१२ पासून चौथ्या स्तरावर ‘रेगिओनाललीगा’चे ५ प्रादेशिक विभाग आहेत, परंतु तिसऱ्या स्तरावर जाण्यासाठी ५ पेक्षा कमी जागा आहेत. परिणामी आपल्या विभागात वर्षभर अव्वल राहिलेल्या काही विजेत्यांना आणखी एक निर्णायक लढत खेळावी लागते व त्यांतला एक विजेता असूनही जागेवरच राहतो. विजेत्याला बढती मिळालीच पाहिजे, अशी मागणी तेथील क्लब सातत्याने करीत आले आहेत.

सीमारेषा व प्रवास

विभागांची संख्या जुळली तरी भूगोल जुळेलच असे नाही. समजा, एखाद्या वर्षी नॅशनल लीगमधून खाली येणारे चारही क्लब दक्षिणेचे आहेत आणि वर गेलेल्यांत दोन उत्तरेचे व दोन दक्षिणेचे आहेत. मग साउथ विभागात क्लब जास्त व नॉर्थमध्ये कमी होतात. समतोल साधण्यासाठी सीमारेषा दक्षिणेकडे सरकवून साउथमधील सर्वांत उत्तरेकडचे क्लब नॉर्थमध्ये पाठवावे लागतात. ही वाटणी दर उन्हाळ्यात नव्याने होते.

सीमेवरील क्लबांना याची झळ बसते. लंडनच्या उत्तरेस असलेल्या हर्टफर्डशर परगण्यातील बिशप्स स्टॉर्टफर्ड हा क्लब २०२३ मध्ये बढती मिळवून आला आणि त्याला नॉर्थ विभागात टाकण्यात आले. एका हंगामानंतर तो पदावनत झाला. ग्लॉस्टर सिटीलाही वेगवेगळ्या काळात दोन्ही विभागांत खेळावे लागले आहे. या पायरीवरील बहुतांश खेळाडू अर्धवेळ खेळणारे असतात. ते दिवसा नोकरी किंवा धंदा करतात. मंगळवारी संध्याकाळी शेकडो किलोमीटर दूर सामना असेल, तर त्यांना रजा काढावी लागते, आणि बसभाड्याचा बोजा काही शे प्रेक्षकांच्या तिकिटांवर चालणाऱ्या क्लबावर पडतो. म्हणूनच खालच्या पायऱ्यांवर प्रादेशिक विभाग ही क्लबांच्या तग धरण्याची अट ठरते.

देशव्यापी विभागात हा प्रश्न टोकाला जातो. नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील ट्रुरो सिटीने २०२५ मध्ये साउथ विभाग जिंकून नॅशनल लीगमध्ये प्रवेश केला. त्याला ईशान्येकडील गेट्सहेडपर्यंत एका बाजूने सुमारे ७०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरील जर्सी बुल्स हा क्लब तर पाहुण्या संघांचा प्रवासखर्च स्वतः उचलतो.

परिणाम

पिरॅमिडचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे क्लबाच्या मरणानंतरही त्याच्या गावाला व चाहत्यांना पुन्हा सुरुवात करता येऊ लागली. २००२ मध्ये विंबल्डन या क्लबाला लंडनबाहेर मिल्टन कीन्स येथे स्थलांतर करण्यास एफएने नेमलेल्या आयोगाने परवानगी दिली. त्यावर चाहत्यांनी एएफसी विंबल्डन हा नवा क्लब स्थापन केला आणि कंबाइन्ड काउंटीज लीग या स्थानिक स्पर्धेतून खेळण्यास प्रारंभ केला. ९ हंगामांत ५ बढत्या मिळवून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. १९७७ मधील मूळ विंबल्डनला मतांची याचना करावी लागली होती. नव्या विंबल्डनला केवळ सामने जिंकावे लागले.

स्कारबरोचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. १९८७ मध्ये नियमाने वर गेलेला हा पहिला क्लब १९९९ मध्ये नियमानेच खाली आला. अखेरच्या दिवशी त्याचा सामना १–१ असा संपला होता व तो वाचल्यासारखा दिसत होता. पण दुसरीकडे कार्लाइल युनायटेडचा गोलरक्षक जिमी ग्लास याने भरपाई वेळेत पुढे धावत जाऊन प्लिमथविरुद्ध विजयी गोल केला. कार्लाइल वाचला आणि स्कारबरो बाहेर पडला. कर्जात बुडालेला तो क्लब २००७ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी चाहत्यांनी स्कारबरो ॲथलेटिक स्थापन केला, जो २०२२ मध्ये नॅशनल लीग नॉर्थपर्यंत पोहोचला.

टीका व वाद

पैशाचा प्रभाव : बढतीची वाट खुली झाल्याने उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करून वर चढण्याचा मोहही वाढला. १९९२ मध्ये दोन क्लबांच्या विलीनीकरणातून झालेला रशडन अँड डायमंड्स एका उद्योगपतीच्या पाठबळावर २००१ मध्ये लीगमध्ये पोहोचला. ते पाठबळ गेल्यावर त्याची घसरण झाली आणि २०११ मध्ये आर्थिक कारणांवरून त्याला कॉन्फरन्समधून काढून टाकण्यात आले. चेस्टर सिटीची गतही २०१० मध्ये अशीच झाली होती.

बढतीच्या जागा : नॅशनल लीगमधून वर जाण्यासाठी २ जागा आहेत, तर तिच्याच तळातून ४ क्लब खाली जातात. २०२२–२३ मध्ये रेक्सहॅमने विक्रमी १११ गुण व नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरील नॉट्स काउंटीला प्ले-ऑफ खेळून बढती मिळवावी लागली. तेथे एखादा वाईट दिवस आला असता तर १०७ गुणांनंतरही त्याला तेथेच राहावे लागले असते. बढतीच्या जागा ३ कराव्यात, अशी नॅशनल लीगच्या क्लबांची मागणी आहे.

महामारीतील निर्णय : २०१९–२० चा हंगाम कोविड-१९ मुळे अपुरा राहिला. वरच्या दोन पायऱ्यांवर प्रतिसामना सरासरी गुणांवरून निकाल लावले गेले. तिसऱ्या ते सहाव्या पायरीवरील हंगाम मात्र रद्दबातल ठरवण्यात आला. तोवर जर्सी बुल्सने खेळलेले सर्व २७ लीग सामने जिंकले होते. त्याची बढती हुकली. २०२१ च्या फेररचनेत अपुऱ्या राहिलेल्या दोन्ही हंगामांचे गुण एकत्र धरून अनेक क्लबांना वर घेण्यात आले, त्यांत जर्सी बुल्सचाही समावेश होता.

भारतातील संदर्भ

भारतात पिरॅमिडचा प्रश्न वेगळ्या क्रमाने उभा राहिला. २००७ पासून आय-लीग ही देशातील प्रमुख लीग होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खालून बढतीची सोय नव्हती. आयएसएलला शिखरस्थान देऊन आय-लीगला खालचा स्तर करण्याच्या प्रस्तावाच्या निषेधार्थ २०१६ मध्ये गोव्यातील साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांपैकी धेंपोच्या नावावर ५ राष्ट्रीय विजेतेपदे होती आणि त्याच वर्षी त्याने द्वितीय श्रेणी जिंकून बढतीही मिळवली होती.

पुढे आशियाई फुटबॉल महासंघाच्या २०१९ मधील आराखड्यानुसार आय-लीगच्या विजेत्यास आयएसएलमध्ये बढती देण्याचे ठरले. त्यानुसार पंजाब एफसी (२०२३) व मोहामेडन स्पोर्टिंग (२०२४) वर गेले. धेंपोनेही खालच्या श्रेणीतून चढत २०२४–२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये पुनरागमन केले. त्या हंगामाचे आय-लीग विजेतेपद प्रथम गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला देण्यात आले होते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाच्या निर्णयाने ते इंटर काशीकडे गेले.